साहेब खोडतात, संगणक घालतो

प्रश्न : मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करते. सूचना, परिपत्रके, विद्यापीठाला जाणारी पत्रे इंग्रजीत लिहावी लागतात. वाक्याच्या सुरुवातीला 'ऑन मंडे' किंवा 'इन २०१९' असे काही आले की संगणक त्याखाली रेघ मारतो आणि स्वल्पविराम घालायला सांगतो. मी घालते. मग छापील प्रत आमच्या साहेबांकडे जाते आणि ते लाल पेनाने तो खोडतात. कारण विचारले तर म्हणतात, 'आम्हाला असे शिकवलेले नाही.' दोघांत बरोबर कोण? रोज कागद दोनदा छापावा लागतो म्हणून विचारते.
– एक वाचक, सातारा

उत्तर : दोघेही बरोबर आहेत. फक्त दोघेही आपापला नियम आहे त्याहून मोठा करून सांगत आहेत. (इंग्रजी वाक्ये इथे देवनागरीतच देतो. स्वल्पविराम दोन्ही लिप्यांत सारखाच दिसतो, तेव्हा अडचण नाही.)

वाक्याच्या तोंडाशी काळ सांगणारे दोन-तीन शब्द असतील, म्हणजे 'ऑन मंडे', 'इन २०१९', 'लास्ट वीक', 'यस्टर्डे' असे, तर त्यांच्यानंतर स्वल्पविराम घालायचा की नाही हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर आहे. 'ऑन मंडे वुई विल सबमिट द रिपोर्ट' हे शुद्ध आहे आणि 'ऑन मंडे, वुई विल सबमिट द रिपोर्ट' हेही शुद्ध आहे. हे ब्रिटिश आणि अमेरिकन यांचे भांडण आहे असे पुष्कळांना वाटते. थोडेफार ते तसे आहेही. ब्रिटिश लेखनाचा ओढा कमी स्वल्पविरामांकडे, अमेरिकन शाळांचा जास्तीकडे. तुमचे साहेब बहुधा पहिल्या पठडीतले. पण 'शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल' हे अमेरिकी प्रकाशनव्यवसायाचे १९०६ पासूनचे मानाचे पुस्तक आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शैलीपुस्तिका, दोन्ही अमेरिकी, आणि दोन्ही छोट्या शब्दगटानंतर स्वल्पविराम गाळायची मोकळीक देतात. अट एवढीच की वाचणारा अडखळता कामा नये. वाचणारा कुठे अडखळेल हे ओळखणे यंत्राला कठीण जाते, म्हणून ते सरसकट घालायला सांगते.

शब्दगट लांबला की ही मोकळीक आकसत जाते. 'आफ्टर थ्री मंथ्स ऑफ करस्पॉन्डन्स विथ द युनिव्हर्सिटी, वुई रिसीव्ह्ड अ रिप्लाय' या वाक्यात स्वल्पविराम नसला तर वाचणाऱ्याला दम लागतो. आणि शब्दगटात क्रियापद आले, म्हणजे 'व्हेन', 'आफ्टर', 'व्हाइल', 'सिन्स' यांनी सुरू होणारे अख्खे उपवाक्य पुढे आले, तर घालाच. तिथे साहेबांचे ऐकू नका. 'व्हेन द रेन स्टॉप्ड, वुई लेफ्ट.' हेच उपवाक्य मागे गेले की स्वल्पविराम नको : 'वुई लेफ्ट व्हेन द रेन स्टॉप्ड.' छोटा शब्दगट म्हणजे किती शब्दांचा, यावर पुस्तकांचे एकमत नाही. कुणी तीन म्हणते, कुणी चार, कुणी पाच. शब्द मोजून स्वल्पविराम घालणे मला तरी बाळबोध वाटते. दोन शब्दांनंतरही तो अत्यावश्यक ठरू शकतो, आणि सहा शब्दांनंतरही त्याच्यावाचून काही अडत नाही. दोन्हींची उदाहरणे पुढे येतील.

त्याआधी एक गोष्ट. हा प्रश्न इंग्रज माणसापेक्षा मराठी माणसाला जास्त वेळा पडतो. आपल्या वाक्यात काळ पुढे बसतो. 'काल मी पुण्याला गेले' हे सरळ वाक्य. 'मी पुण्याला गेले काल' असे कुणी म्हणाले तर ऐकणाऱ्याला वाटते, 'काल' सांगायचे राहून गेले होते, मागाहून जोडले. इंग्रजीत हे नेमके उलटे आहे. 'आय वेंट टू पुणे यस्टर्डे' हे तिथले सरळ वाक्य; 'यस्टर्डे' पुढे आला तर त्याला काही कारणाने उचलून पुढे आणलेले असते. आपण मनात मराठी वाक्य जुळवतो आणि त्याच क्रमाने इंग्रजीत उतरवतो. म्हणून आपल्या कार्यालयीन इंग्रजीत वार आणि तारखा वाक्याच्या तोंडाशी गर्दी करतात. तेव्हा तुमचा निम्मा त्रास असा वाचेल : वार पुढे आणण्याचे खास कारण नसेल तर 'वुई विल सबमिट द रिपोर्ट ऑन मंडे' असे लिहा. संगणक रेघ मारणार नाही आणि साहेबांना खोडायला काही सापडणार नाही.

पुढे आणायचे कारण कधी असते? वेळापत्रक सांगताना, किंवा दोन काळांची तुलना करताना. 'इन २०१९ वुई हॅड टू लॅबोरेटरीज. इन २०२४ वुई हॅव फाइव्ह.' इथे वर्षे पुढे हवीतच, आणि दोन्ही वाक्ये स्वल्पविरामाशिवाय छान चालतात. मी इथे घालणार नाही. घातला तरी चालेल, पण मग दोन्हीकडे घाला. एका वाक्यात घालून दुसऱ्यात गाळणे हे मात्र गबाळेपणाचे.

आता हा प्रश्न मराठी माणसाला जास्त पडण्याचे दुसरे कारण, आणि ते अधिक महत्त्वाचे. मराठीत 'सोमवारी' या शब्दातली शेवटची 'ई' स्वतःच जाहीर करते की काळाचे सांगून झाले, आता पुढचे बोला. विभक्तीचा प्रत्यय शेवटाला असतो, त्यामुळे शब्दगट कुठे संपला हे कानाला कळते. इंग्रजीत 'ऑन' किंवा 'इन' पुढे असते. काळाचे बोलणे सुरू झाले एवढे ते सांगते. संपले कुठे, हे सांगणारे त्या भाषेकडे काही नाही. कर्ता ओळखायचा तोही जागेवरूनच. तुमच्याच कार्यालयातून निघू शकेल अशी ही सूचना पाहा :

'ऑन मंडे मॉर्निंग स्टुडंट्स विल कलेक्ट देअर हॉल टिकिट्स.'

सोमवारी सकाळी सगळ्या विद्यार्थ्यांनी यायचे, की सकाळच्या सत्रातल्या विद्यार्थ्यांनी सोमवारी कधीही यायचे? 'मॉर्निंग'नंतर स्वल्पविराम घातला तर पहिला अर्थ, 'मंडे'नंतर घातला तर दुसरा. न घातला तर खिडकीपुढे दुपारच्या सत्राची मुले रांग लावणार आणि तुम्ही त्यांना परत पाठवणार, किंवा उलट. मराठीत ही सूचना लिहून बघा. 'सोमवारी सकाळी विद्यार्थी' आणि 'सोमवारी सकाळचे विद्यार्थी' यांत घोटाळा करणे ठरवूनही जमत नाही. एका ठिकाणी 'ई' आहे, दुसऱ्या ठिकाणी 'चे'. आपला प्रत्यय जे काम करतो ते इंग्रजीत स्वल्पविरामाला करावे लागते.

म्हणून कसोटी शब्दांच्या संख्येची नाही. काळाच्या शेवटच्या शब्दाला पुढचा शब्द चिकटू पाहतो का, एवढे तपासायचे. वर्षाशेजारी आकडा आला की तो हमखास चिकटतो : 'इन २०२३ ४५ स्टुडंट्स पास्ड' यात २०२३ नंतर स्वल्पविराम नसेल तर डोळा दोन्ही आकडे एका दमात वाचतो. (माझ्या मते इथे वाक्यच फिरवावे : 'फॉर्टी-फाइव्ह स्टुडंट्स पास्ड इन २०२३.') क्रियापदाने संपणारे उपवाक्य असेल तर पुढचे नाम त्याचे कर्म होऊन बसते. 'व्हाइल वुई वेअर ईटिंग द प्रिन्सिपल अराइव्ड.' स्वल्पविरामाशिवाय हे वाक्य अर्ध्यापर्यंत वाचले की प्राचार्य ताटात आलेले असतात. वाचणारा पुढे जाऊन सावरतो हे खरे, पण त्याला मागे वळून पुन्हा वाचायला लावणे हा लिहिणाऱ्याचा दोष.

आणखी दोन शब्द असे आहेत की त्यांच्यानंतर स्वल्पविराम आला किंवा गेला की अर्थच पालटतो. पहिला 'वन्स'. 'वन्स, द रिव्हर वॉज क्लीन' म्हणजे एके काळी नदी स्वच्छ होती. मुळा-मुठेबद्दल असे वाक्य सहज लिहिता येईल. स्वल्पविराम काढा : 'वन्स द रिव्हर वॉज क्लीन'. आता वाचणारा पुढच्या भागाची वाट पाहत थांबतो, कारण याचा अर्थ होतो 'नदी एकदा स्वच्छ झाली की', आणि वाक्य तर तिथेच संपलेले असते. एका चिन्हाने आठवणीची जागा आश्वासनाने घेतली. दुसरा शब्द 'नाऊ'. 'नाऊ द ऑफिस इज ओपन ऑन सॅटर्डेज' यात 'नाऊ' म्हणजे आता, हल्ली. त्याच्यापुढे स्वल्पविराम दिला की तो काळाचा शब्द उरत नाही. बोलता बोलता आपण 'बरं का', 'तर मग' म्हणतो तसा होतो. कार्यालयीन पत्रात तुम्हाला पहिलाच अर्थ हवा असणार. अशा वेळी संगणकाने रेघ मारली तर खुशाल दुर्लक्ष करा.

आता साहेबांच्या बाजूने बोलतो. स्वल्पविराम जिथे घालायचाच नाही अशाही जागा आहेत, आणि 'काळाचा शब्द दिसला की स्वल्पविराम' असे पाठ केलेली माणसे तिथे हटकून चुकतात. 'द लास्ट वीक ऑफ जून इज रिझर्व्ड फॉर ॲडमिशन्स' यात 'जून'नंतर स्वल्पविराम घातलेला मी कितीतरी पत्रकांत पाहिला आहे. इथे 'जूनचा शेवटचा आठवडा' हा वाक्याचा कर्ताच आहे. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम कधीच बसत नाही. 'टुमॉरो इज अ हॉलिडे' यातही तसेच. दुसरी जागा म्हणजे कर्ता आणि क्रियापद यांची अदलाबदल झालेली वाक्ये : 'आफ्टर द रेन केम द फ्लड.' क्रियापद काळाच्या पाठोपाठ आले आहे, मध्ये अडसर नको. 'ओन्ली इन १९७५ डिड द कॉलेज गेट इट्स ओन बिल्डिंग' हेही त्याच घरातले. आणि काळाचा शब्दगट वाक्याच्या पोटात आला तर स्वल्पविराम जोडीने येतात किंवा मुळीच येत नाहीत : 'द कॉलेज, इन १९७५, मूव्ह्ड टू इट्स ओन बिल्डिंग.' यातला एकच ठेवणे म्हणजे कंस उघडून बंद न करणे.

साहेबांना आणि संगणकाला वेगवेगळे का शिकवले गेले, याचे मूळ बरेच जुने आहे. विरामचिन्हे आली ती मोठ्याने वाचणाऱ्यासाठी. इसवी सनापूर्वी दोनशेच्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख बायझँटियमचा ॲरिस्टोफनीस याने सलग लिहिलेल्या ग्रीक मजकुरात तीन वेगवेगळ्या उंचींवर ठिपके देण्याची पद्धत काढली. कुठे किती थांबायचे हे त्यावरून वाचणाऱ्याला कळे. मध्ययुगीन हस्तलिखितांत थांब्यासाठी तिरकी रेघ मारत. इंग्लंडमधला पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन यानेही ती वापरली. पुढे ती रेघ आखूड होऊन ओळीच्या तळाशी आली, वाकली, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या आल्डुस मानुटियुसच्या छापखान्यातून आजच्या ओळखीच्या रूपात सर्वत्र पोचली. स्वल्पविराम म्हणजे श्वास, ही समजूत त्यानंतरही शतकानुशतके टिकली. १७६२ साली, पुढे बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथने लिहिलेल्या व्याकरणात तर हिशेबच मांडला आहे : अर्धविराम स्वल्पविरामाच्या दुप्पट, अपूर्णविराम अर्धविरामाच्या दुप्पट, पूर्णविराम त्याच्याही दुप्पट, पाश्चात्त्य संगीतातल्या स्वरांच्या लांबीचे प्रमाण असते तसे. स्वल्पविरामाला जरा थांबायचे आणि पूर्णविरामाला जास्त, हे आपल्याला शाळेत शिकवतात त्याचा वंश इथवर जातो.

श्वासाचा नियम लावला की 'ऑन मंडे' नंतर कुणीच थांबत नाही. १८६३ च्या नोव्हेंबरात अब्राहम लिंकन यांनी गेटिसबर्गला केलेले भाषण जगाला पाठ आहे. त्याची सुरुवात काळाच्या शब्दगटानेच होते आणि तो चांगला सहा शब्दांचा आहे. लिंकन यांनी सही करून दिलेल्या, ब्लिस प्रत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हस्तलिखितात त्या सहा शब्दांनंतर स्वल्पविराम नाही. त्याच वाक्यात थोडे पुढे, क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये मात्र एक आहे. आजचा इंग्रजीचा शिक्षक तो बिनदिक्कत खोडील. लिंकन बोलणारा माणूस होता. जिथे आवाज थांबणार तिथे त्याने खूण केली.

व्याकरणाचा नियम वेगळा आहे. तो म्हणतो, आवाजाचे राहू दे, वाक्याचे सांधे दाखव. एकोणिसाव्या शतकात हा दुसरा पक्ष बळावला आणि छापील इंग्रजीत स्वल्पविरामांचा पाऊस पडू लागला. त्यावर इंग्लंडमध्ये प्रतिक्रिया आली. हेन्री आणि फ्रान्सिस या फाउलर बंधूंनी १९०६ साली 'द किंग्ज इंग्लिश' लिहिले. काम भागेल इतकीच चिन्हे वापरावीत, त्याहून एकही जास्त नको, असा त्यांचा आग्रह. साहेबांच्या शिक्षकांच्या शिक्षकांपर्यंत पोचलेले इंग्रजी हे असावे.

अमेरिकेत त्याच सुमारास दुसरे टोक गाठले जात होते. 'द न्यू यॉर्कर' हे साप्ताहिक १९२५ साली हॅरल्ड रॉस यांनी काढले आणि १९५१ साली मृत्यू होईपर्यंत तेच संपादक होते. स्वल्पविरामांवर त्यांचे विलक्षण प्रेम. त्यांच्या हाताखाली काम केलेला विनोदी लेखक जेम्स थर्बर याला स्वल्पविरामांचा तेवढाच तिटकारा. अमेरिकी झेंड्याच्या तीन रंगांची नावे लिहिताना मध्ये स्वल्पविराम घातले तर झेंडा पावसात भिजल्यासारखा दिसतो, अशी त्याची तक्रार होती. थर्बरने १९५९ च्या 'द इयर्स विथ रॉस' या पुस्तकात एक हकीकत दिली आहे, ती तुमच्या प्रश्नाला अगदी बेतून शिवल्यासारखी आहे. त्याच्या लेखनातले एक वाक्य होते : जेवणानंतर पुरुषमंडळी बैठकीच्या खोलीत गेली. इंग्रजी वाक्यात 'जेवणानंतर' या दोन शब्दांपुढे स्वल्पविराम होता. एका पत्रलेखकाने विचारले, हा कशासाठी? थर्बरने कळवले की तो रॉसचा आहे. मंडळींना खुर्च्या मागे सारून उठायला वेळ मिळावा म्हणून त्यांनी घातला आहे.

थर्बरने ही थट्टा केली, पण मला ती निम्मी खरी वाटते. छोट्या शब्दगटानंतरचा स्वल्पविराम ऐच्छिक आहे याचा अर्थ तो निरर्थक आहे असा नाही. कथेत 'दॅट नाइट, ही डिड नॉट स्लीप' असे लिहिले तर त्या रात्रीवर नजर जरा रेंगाळते. स्वल्पविराम काढला तर रात्र नुसती तपशिलाची होते. कथालेखकाने हे कानाने ठरवावे. प्रवेशपरीक्षेच्या हॉल तिकिटांच्या सूचनेत कुणाला खुर्ची सारायला वेळ द्यायचा नसतो.

तुम्ही करायचे ते असे. कार्यालयाची एक पद्धत ठरवून घ्या, आणि ती साहेबांचीच ठरू द्या : छोट्या काळगटानंतर स्वल्पविराम नाही, उपवाक्यानंतर नेहमी, आणि घोटाळा होण्यासारखी जागा असेल तिथे हटकून. शेवटचा भाग त्यांना 'मंडे मॉर्निंग'चे उदाहरण दाखवून पटवा. हॉल तिकिटांची रांग त्यांनीही पाहिलेली असेल. संगणकाच्या तपासणीत हा एक नियम बंद करण्याची सोय बहुधा मिळेल. तसा बंद केला की कागद दोनदा छापावा लागणार नाही.

प्रश्न : तारखेतल्या वर्षानंतर स्वल्पविराम द्यायचा का? 'ऑगस्ट १५, १९४७' असे लिहिले तर?

उत्तर : तसे लिहिले तर एक नव्हे, दोन द्यावे लागतात. महिना, दिवस, वर्ष हा अमेरिकी क्रम. त्यात वर्ष दोन स्वल्पविरामांच्या मध्ये बसते : 'ऑन ऑगस्ट १५, १९४७, इंडिया बिकेम इंडिपेंडंट.' दुसरा विसरणारे पुष्कळ. दिवस, महिना, वर्ष हा आपल्याकडला क्रम ठेवला तर एकही लागत नाही : 'ऑन १५ ऑगस्ट १९४७ इंडिया बिकेम इंडिपेंडंट.' मी डोळे मिटून हा दुसरा क्रम निवडीन. नुसता महिना आणि वर्ष असेल तर मध्ये आता काही घालत नाहीत, पूर्वी घालत. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचा इंग्रजी पाठ काढून पाहा. नोव्हेंबर आणि १९४९ यांच्यामध्ये एक स्वल्पविराम आहे, १९४९ नंतर दुसरा.

प्रश्न : आमचे वकील म्हणतात, कोर्ट शब्द बघते, स्वल्पविराम कोण बघतो?

उत्तर : कॅनडात बघितला गेला, आणि तोही मुदतीच्याच वाक्यातला. रॉजर्स ही केबल कंपनी आणि अलायंट ही दूरध्वनी कंपनी यांच्यात २००२ साली करार झाला. अलायंटकडच्या खांबांवरून रॉजर्सने तारा न्यायच्या होत्या. करार पाच वर्षे चालेल, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी वाढत जाईल, एक वर्षाची लेखी नोटीस देऊन संपवता येईल, असे एक लांबलचक वाक्य त्यात होते. नोटिशीच्या भागाआधी एक स्वल्पविराम पडला होता. पहिली पाच वर्षे पुरी होण्याआधीच अलायंटने करार संपवायला घेतला. रॉजर्स म्हणाले, नोटीस फक्त वाढीव मुदतीला लागू आहे. २००६ साली तिथल्या दूरसंचार नियामक आयोगाने निकाल दिला की त्या स्वल्पविरामामुळे नोटिशीचा भाग पहिल्या पाच वर्षांनाही लागू होतो. लाखो डॉलरचा प्रश्न होता. रॉजर्सने पुन्हा दाद मागितली आणि आपल्या बाजूने फ्रेंच पाठ पुढे केला. कॅनडात दोन्ही भाषांना सारखाच अधिकार आहे, आणि फ्रेंच वाक्यात संदिग्धता नव्हती. २००७ साली आयोगाने निकाल फिरवला. तुमच्या वकिलांना सांगा, मुदतीचे वाक्य एका दमात लिहू नका. दोन वाक्ये करा.

प्रश्न : मग मराठीतही 'सोमवारी' नंतर स्वल्पविराम द्यावा का? हल्ली बातम्यांत दिसतो.

उत्तर : नको. वर सांगितलेच, 'सोमवारी'ची 'ई' ते काम करून बसली आहे. पोथ्यांत आपल्याकडे एक दंड आणि दोन दंड होते. मोडीत तर आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवत न्यायची, शब्द तोडायचा नाही आणि थांबा दाखवायचा नाही. पेशवाईची सगळी दप्तरे अशीच लिहिली गेली, आणि वाचणाऱ्यांना ती कळत होती. मराठी छापील मजकुरात विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातले कोशकार आणि सरकारी भाषांतरकार मेजर थॉमस कँडी यांना देतात. ती इंग्रजीच्या घाटावरूनच आली आणि आपल्या फार उपयोगी पडली. पण '२०१९ मध्ये, महाविद्यालयाने' असे जे आता दिसते ते इंग्रजी बातमी समोर ठेवून, तिच्यातले चिन्हही उचलून केलेले भाषांतर आहे. उपवाक्य लांब असेल तेव्हा गोष्ट वेगळी. 'विद्यापीठाचे पत्र जेव्हा तीन महिन्यांनी आले, तेव्हा प्रवेश संपले होते' यातला स्वल्पविराम ठेवा. 'जेव्हा' आणि 'तेव्हा' यांच्यामधली जागा त्याची आहे. आणि काळाच्या शब्दाला प्रत्ययच नसेल तिथे जपा. 'आज सकाळ सत्राचे विद्यार्थी' असे कुणी फळ्यावर लिहिले, तर 'सकाळ'च्या पुढे एक 'ई' किंवा 'च्या' लावायला सांगा, स्वल्पविराम नव्हे.